उजेडाचा मेस्त्री

मागच्या सेमिस्टरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी टेबलावर दोन दिवे ठेवले होते. एक जुना 60 वॅटचा बल्ब आणि एक 9 वॅटचा एलईडी. बल्बची तार तापते आणि उजेड देते, इथपर्यंत मी सांगितलं. सरांनी विचारलं, तापलेली वस्तू उजेड का देते? मी गप्प. मग त्यांनी विचारलं, एलईडीतली चिप तर तापून लाल होत नाही, तरी तिच्यातून उजेड कसा येतो? मी बॅण्ड गॅप असा एक शब्द टाकला आणि पुन्हा गप्प. तीन वर्षं इलेक्ट्रिकल शिकून, जर्नल सर्टिफाइड असून, मला साध्या दिव्याबद्दल दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत. मार्क किती मिळाले ते विचारू नका.

घरी आल्यावर हे आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे आजोबा. कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये ते प्रोजेक्टर ऑपरेटर होते. त्यांनी काही न बोलता कपाटाचा ड्रॉवर उघडला आणि बोटाएवढी, तांब्याचा पातळ मुलामा असलेली एक काळी कांडी माझ्या हातावर ठेवली. कार्बन. अशा दोन कांड्यांना करंट द्यायचा, टोकं एकमेकांना टेकवायची आणि हळूच लांब करायची, की पेटीत सूर्य उगवतो, असं ते म्हणाले. आणि उजेड म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर आधी बाबूराव पेंटर वाच, रोज खरी कॉर्नरवरून जातोस, तिथला कॅमेऱ्याचा मानस्तंभ कधी मान वर करून बघितलास काय, असंही वर सुनावलं.

खरं सांगतो मित्रांनो, नव्हता बघितला. म्हणजे दिसत होता, पण बघितला नव्हता. म्हणून हा लेख.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी आपल्या कोल्हापुरात झाला. आडनावच मेस्त्री. घर कारागिरांचं. रंग, लाकूड, धातू यांची ओळख पुस्तकातून व्हायच्या आधी हातातून झालेली. चित्रकला आणि शिल्पकला ते कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत, स्वतःच शिकले. नात्यातले बंधू आनंदराव हेही तसेच. दोघांनी मिळून नाटकाचे पडदे रंगवायला घेतले आणि 1910 ते 1916 या काळात पडदे रंगवावेत तर या दोघांनीच, असं नाव झालं. संगीत नाटक मंडळ्या त्यांच्याकडून पडदे करून घेत. मेस्त्री हे आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. पुढे तेच आडनाव झालं.

आता पडदा रंगवणं हे वरवर दिसतं तेवढं सोपं नाही. सपाट कापडावर महाल दाखवायचा म्हणजे खांबाच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली रंगवायची. म्हणजे उजेड कुठून येतो हे आधी ठरवावं लागतं. शिवाय तो पडदा उन्हात बघायचा नसतो. त्या काळी गावोगावचे नाटकाचे तंबू गॅसबत्तीवर चालत. दिवसा हिरवागार वाटणारा रंग बत्तीखाली वेगळाच दिसतो. कारण वस्तूला स्वतःचा असा पक्का रंग नसतोच. तिच्यावर जो उजेड पडतो त्यातला काही भाग ती गिळते आणि उरलेला परत फेकते, तो आपल्याला दिसतो. दिव्यातच जो रंग कमी, तो पडद्यावरही कमीच दिसणार. हे बाबूराव रोजच्या कामातून शिकले असणार. आम्ही ते लॅबमध्ये प्रिझम ठेवून शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

गॅसबत्तीचीच गोष्ट घ्या. वरातीत डोक्यावरून जाणाऱ्या गॅसबत्त्या आपल्यापैकी काहींनी बघितल्या असतील. त्यातली जाळी, म्हणजे मॅण्टल, आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये शोधली. पुढे तिच्यात सुमारे 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण ठरलं. रॉकेलची नुसती ज्योत पिवळी आणि मिणमिणती असते. तिच्यातला उजेड येतो तो अर्धवट जळलेल्या काजळीच्या तापलेल्या कणांपासून. मॅण्टल वेगळं काम करतं. ज्योतीने ते तापतं, पण उष्णतेच्या अदृश्य किरणांत फारशी शक्ती वाया न घालवता जास्त वाटा दिसणाऱ्या उजेडात टाकतं. म्हणून तेवढ्याच रॉकेलात ते पांढरं झगझगीत दिसतं.

इथे सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. कुठलीही वस्तू घ्या, तिच्यात विद्युतभार असलेले कण असतात आणि ते सतत थरथरत असतात. भार हलला, वेग बदलला, की विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडतात. वस्तू जेवढी गरम तेवढी थरथर जास्त, लहरी जोरकस आणि लांबीने आखूड. आपलं शरीरसुद्धा अशा लहरी फेकत असतं, पण त्या इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणाऱ्या. लोखंड सव्वापाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की अंधारात काळपट लाल दिसू लागतं. आपल्या शिरोलीच्या एखाद्या फाउण्ड्रीत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेला असाल तर आठवा. ओततानाचं बीड लाल नसतं, पिवळं-केशरी असतं, कारण ते तेराशे-चौदाशे अंशांवर असतं. जुना फाउण्ड्रीवाला रंग बघून तापमान सांगतो तो यामुळेच. बल्बची टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास असते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश. म्हणून बल्ब पिवळसर आणि ऊन पांढरं. बल्ब घेतो त्यापैकी जेमतेम 5 टक्के ऊर्जा उजेड होऊन बाहेर येते, बाकी सगळी उष्णता. या तापलेल्या वस्तूच्या उजेडाचं गणित मात्र जुन्या फिजिक्सला सुटत नव्हतं. ऊर्जा सलग वाहत नाही, ठरावीक पुड्यांनी दिली-घेतली जाते असं मानून मॅक्स प्लांक यांनी ते 1900 मध्ये सोडवलं. तेव्हा आपले बाबूराव दहा वर्षांचे होते.

3 मे 1913 रोजी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. योगायोग बघा, त्याच वर्षी डेन्मार्कचे नील्स बोर यांनी अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांचा सिद्धांत मांडला. त्याबद्दल पुढे बोलू. सिनेमाने मात्र बाबूराव आणि आनंदराव पुरते झपाटले. आयुष्यभर उजेड रंगवला, इथे तर उजेडच चित्र काढत होता. दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला आणि सिनेमे दाखवायला सुरुवात केली. धंदा तर होताच, पण खरा डोळा यंत्रावर होता. दाखवता दाखवता ते यंत्र समजून घेत होते. आनंदरावांनी तर कॅमेराच बनवायचा घाट घातला. आणि 1916 मध्ये, कॅमेरा पुरा व्हायच्या आत, आनंदराव गेले.

बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे. भाऊ गेला, जोडीदार गेला, अर्धवट यंत्र तेवढं राहिलं. इथे कुणीही पडद्यांच्या कामाकडे परत गेला असता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेतलं आणि काम पुढे चालू ठेवलं. 1918 मध्ये कॅमेरा चालू झाला. मेकॅनिकलच्या मित्रांनी हा आकडा जरा थांबून वाचावा. ड्रॉइंग नाही, मॅन्युअल नाही, इंटरनेट तर नाहीच. हातात एक जुना प्रोजेक्टर आणि कारागिराची नजर.

या कॅमेऱ्यात अवघड काय असतं? भिंग विकत मिळतं. उजेड आत न शिरणारी पेटी सुतार करून देईल. अवघड आहे ती फिल्मची चाल. फिल्म सलग धावून चालत नाही. एक चौकट भिंगामागे येऊन ठाम उभी राहिली पाहिजे, शटर उघडून मिटलं पाहिजे, मग अंधारात फिल्म बरोबर एक चौकट पुढे सरकली पाहिजे आणि पुन्हा ठाम उभी. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण 16 वेळा व्हायचं. हॅण्डलच्या एका फेऱ्याला 8 चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, आणि तोही माणसाच्या हाताने. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. चौकट केसभर जरी इकडेतिकडे झाली तरी पडद्यावर ती शेकडो पटींनी मोठी होऊन थरथरते. त्यामुळे गिअरचे दाते आणि फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकणारी नखी अचूक हवी. आपण वर्कशॉपला साधा जॉब करताना मायक्रोमीटर घेऊनही घाम गाळतो. यावरून विचार करा.

कॅमेऱ्याबरोबर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलाला मदत केली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी. दामल्यांबरोबर साहेबमामा फत्तेलाल होते, आणि 1920 च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगाही कंपनीत दाखल झाला. तेच पुढचे व्ही. शांताराम. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष घ्यावा लागला होता, इथे बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. कीचकवधाचा प्रसंग एवढा खरा उतरला की सेन्सॉरला तो सहन होईना. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

पण या चित्रपटांना उजेड कुठून मिळत होता? सूर्याकडून. त्या काळचे आपल्याकडचे स्टुडिओ म्हणजे उघड्यावरचे मांडव. वरून पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं, बाजूने रिफ्लेक्टर लावून सावल्या भरायच्या. ढग आले की काम बंद. आणि कोल्हापूरचा पावसाळा कसा असतो ते मी सांगायला नको.

त्यात फिल्मची एक अडचण होती. फिल्मवर चांदीच्या ब्रोमाइडचे बारीक कण असतात. उजेड पडला की कणातला इलेक्ट्रॉन सुटतो आणि चित्राची सुरुवात होते. पण इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण 2.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा एका फटक्यात लागते. आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये सांगितलं होतं की उजेडही पुड्यांनीच येतो. या पुडीला फोटॉन म्हणतात. एका फोटॉनची ऊर्जा काढायची तर 1240 ला तरंगलांबीने, नॅनोमीटरमध्ये, भागायचं. निळा उजेड 450 नॅनोमीटर, म्हणजे 2.75 इलेक्ट्रॉन व्होल्ट. काम झालं. लाल उजेड 650 नॅनोमीटर, म्हणजे 1.9. काम होत नाही. लाल फोटॉन लाखांनी आले तरी उपयोग नाही, कारण प्रत्येकजण एकेकटा दार ठोठावतो आणि एकट्याच्याने ते उघडत नाही. रसायनं मिसळून फिल्मला हिरवा उजेड दिसेल इतपत सोय केलेली होती, पण लाल तिला दिसतच नव्हता. त्यामुळे डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. आणि त्यामुळेच नायिकेच्या कपाळावरचं कुंकू पडद्यावर काळं, लाल लुगडं काळं, आणि निळं आभाळ मात्र पांढरंफट्ट. ज्या माणसाने रंगांवर हयात घालवली त्याला आता प्रत्येक रंगाचा काळ्या-पांढऱ्यात हिशेब करावा लागत होता. बाबूराव चित्रीकरणाआधी पात्रांचे वेष आणि हालचाली कागदावर रेखाटून घेत. रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी खरे, लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे केले. ज्याने पडद्यांवर नाव कमावलं, त्यानेच पडदे फेकून दिले. कारण रंगवलेली सावली हलत नाही आणि खऱ्या खांबाची सावली उजेडाबरोबर फिरते.

मग आला ‘सिंहगड’, 1923 साली. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा चित्रपट. तानाजी मालुसऱ्यांनी गड घेतला तो 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री. म्हणजे गोष्टच रात्रीची. भर उन्हात मावळे कडा चढताना दाखवले तर प्रेक्षक काय म्हणतील? रात्र दाखवायची तर उजेड सूर्याचा नको, आपल्या ताब्यातला हवा. बाबूरावांनी या चित्रपटात कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटात असा वापर पहिल्यांदा केला तो त्यांनी, असं मानलं जातं. चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की सरकारच्या महसूल खात्याचं तिकडे लक्ष गेलं आणि त्यातून करमणूक कर सुरू झाला, असंही सांगतात.

त्या काळात जगभरच्या स्टुडिओत कृत्रिम उजेड म्हटलं की राजा एकच, कार्बन आर्क. आबांच्या ड्रॉवरमधली कांडी. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बॅटरीच्या मोठ्या रांगेवर आर्क पेटवून दाखवला होता. दोन कार्बन टेकवले की टोकं तापतात. लांब केले की मधल्या हवेचे आणि कार्बनच्या वाफेचे अणू तुटून भारित होतात आणि त्यातून करंट वाहत राहतो. पन्नासेक व्होल्ट पुरतात, पण करंट दाबून लागतो. डीसी आर्कमध्ये इलेक्ट्रॉन पॉझिटिव्ह कांडीवर आदळतात आणि तिच्या टोकाला खळगा पडतो. या खळग्याचं तापमान साडेतीन हजार अंशांच्या पुढे जातं. त्याहून पुढे कार्बन वितळत नाही, त्याची सरळ वाफ होते. बल्बच्या तारेपेक्षा हे हजारेक अंशांनी जास्त. तापमानाच्या चौथ्या घाताने ऊर्जा वाढते हा नियम आपण पाठ केलेला आहे. केल्विनमध्ये तापमान दीडपट झालं की ऊर्जा पाचपट होते. शिवाय आर्कच्या उजेडात निळा-जांभळा भाग भरपूर, म्हणजे त्या वेळच्या फिल्मला हवा तोच. त्रासही तेवढाच. कांड्या जळून आखूड होतात म्हणून सतत पुढे सरकवाव्या लागतात, धूर होतो, आणि अल्ट्राव्हायोलेटमुळे डोळे लाल होऊन सुजतात. आबांनी अशा उजेडापुढे बरीच वर्षं काढली. काळ्या काचेतून आर्क बघत एका हाताने कार्बन सरकवायचा आणि कान हॉलकडे ठेवायचे. पडदा पिवळा पडला की खालून शिट्ट्या सुरू.

बाबूरावांचा ‘कल्याण खजिना’ 1924 मध्ये लंडनजवळच्या वेम्बली इथल्या प्रदर्शनात दाखवला गेला आणि त्याला पदक मिळालं. पण माझ्या मते त्यांचं खरं धाडस त्याच्या पुढचं. 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. सावकाराने जमीन गिळलेला एक शेतकरी, जो शेवटी शहरात गिरणीच्या दारात जाऊन उभा राहतो. ती भूमिका शांतारामांनी केली होती. ज्यांनी हा चित्रपट पाहिला त्यांच्या आठवणीत एक दृश्य पक्कं बसलं. अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्याबाहेर रडणारं कुत्रं. बस्स. हे वाचलं तेव्हा मी थांबलो. इतकी वर्षं हा माणूस उजेड मिळवायला धडपडत होता. भावाचा मृत्यू पचवून कॅमेरा बनवला, सूर्याची वाट बघत बसायला नको म्हणून दिवे लावले. आणि उजेड पुरता हातात आल्यावर त्याने काय केलं, तर तो कमी केला. जेवढा दाखवायचा तेवढाच ठेवला. दारिद्र्य लख्ख उजेडात दिसत नाही हे त्याला कळलं होतं.

लोकांना हे पचलं नाही. पौराणिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली, चित्रपट चालला नाही. आज भारतीय सिनेमाच्या इतिहासात ‘सावकारी पाश’चं नाव आदराने घेतात, पण त्या आदराचा 1925 साली कंपनीला काय उपयोग?

पुढची चार वर्षं ओढाताणीची. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्यांना हाताला धरून शिकवलं ते एकदम गेले. त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही, त्यांना त्यांची वाट हवी होती. याच दामले-फत्तेलालांचा 1936 चा ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे गुरूची विद्या वाया गेली नाही. पण गुरू मागे राहिला.

त्यात 1931 ला ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. इथेही उजेडाचा संबंध आहे. कार्बन आर्क सुंई-घुंई आवाज करतो. मूकपटात कुणाला पर्वा नव्हती, पण मायक्रोफोन आल्यावर तो आवाज नको झाला. म्हणून हॉलिवूडपासून सगळीकडे स्टुडिओ टंगस्टनच्या मोठ्या बल्बकडे वळू लागले. टंगस्टनचा उजेड लालसर, पण तोपर्यंत लाल रंगही दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली होती, त्यामुळे जमून गेलं. एकेक यंत्र, एकेक दिवा, एकेक फिल्म बदलत गेली आणि बाबूरावांनी हाताने उभी केलेली दुनिया चार-पाच वर्षांत जुनी झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. त्यांनी नंतरही ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट केले, ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलपट म्हणून काढला, 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ला त्यांचा हात लागला. पण जास्त करून ते आपल्या जुन्या घरी परतले, म्हणजे चित्र आणि शिल्पाकडे. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात. मला विचाराल तर त्यांचं मूळचं आडनावच त्यांना शोभतं.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाच्या जातीतला. पटकन पेटतो, आणि नाही पेटला तरी काही वर्षांत चिकट होऊन सडतो. झोपडी आणि कुत्र्याचं ते दृश्य आपण फक्त ऐकून आहोत. उजेडाने काढलेलं चित्र उजेडाच्या वेगाने गेलं असं नाही, ते डब्यात पडून पडून गेलं. याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता सरांचा दुसरा प्रश्न राहिला, एलईडीचा. इथे बोर यांच्या पायऱ्या उपयोगी पडतात. अणूतला इलेक्ट्रॉन कुठेही राहू शकत नाही, त्याला ठरावीक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खाली आला की दोन पायऱ्यांमधल्या फरकाएवढी ऊर्जा एका फोटॉनच्या रूपात बाहेर पडते. सोडियमचा दिवा पिवळाच का, तर त्याच्या पायऱ्यांमधलं अंतर 589 नॅनोमीटरच्या उजेडाएवढं आहे म्हणून. एलईडीत एकेकटा अणू नसतो, स्फटिक असतो, आणि पायऱ्यांऐवजी दोन रुंद माळे असतात. मधली मोकळी जागा म्हणजे बॅण्ड गॅप. करंट दिला की वरच्या माळ्यावरचा इलेक्ट्रॉन खालच्या माळ्यावरच्या रिकाम्या जागेत, म्हणजे होलमध्ये, पडतो आणि गॅपएवढ्या ऊर्जेचा फोटॉन निघतो. थरथर वाढवायला तापवत बसावं लागत नाही, म्हणून वीज कमी लागते. निळा उजेड हवा तर गॅप मोठी हवी, तसा स्फटिक बनवणं फार अवघड होतं. तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. पांढऱ्या एलईडीत हाच निळा उजेड पिवळ्या फॉस्फरवर पाडतात आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. बघा, फिल्मला चित्र काढायला जो निळा फोटॉन लागत होता, तोच आज आपल्या खोलीत उजेड पाडतोय. फिल्ममध्ये फोटॉन आत जाऊन इलेक्ट्रॉन वर उचलतो, एलईडीत इलेक्ट्रॉन खाली पडून फोटॉन बाहेर येतो. गाडी तीच, दिशा उलटी.

हे सगळं मला ओरलला येत असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मला फक्त शब्द येत होते. बाबूरावांना यातले किती शब्द येत होते कोण जाणे, पण उजेड कुठून येतो, कुठे पडतो आणि कुठे पडू द्यायचा नाही हे त्यांना येत होतं. आपल्याकडे लॅब आहे, लायब्ररी आहे, लॅपटॉप आहे. त्यांच्याकडे एक सेकंडहॅण्ड प्रोजेक्टर होता, आणि तो उघडून बघायची हिंमत होती.

मी मागच्या रविवारी खरी कॉर्नरला गाडी बाजूला लावून मानस्तंभ नीट बघून आलो. येताना आबांसाठी भेळ घेतली. कार्बनची ती कांडी आता माझ्या टेबलावर असते. पुढच्या ओरलला खिशात घालून नेणार आहे.